दप्तरातला दुष्काळ

दिव्यातील एका शाळेत नववीच्या वर्गाशी पावसाबद्दल बोलण्याचा योग नुकताच आला. बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता. फळ्यावर मी ठाणे परिसराचा पावसाळी सरासरी पाऊस लिहिला: २००० मिलिमीटरहून अधिक. तो आकडा पाहून मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग आपल्याकडे दुष्काळ कधी पडलाच नसेल ना?’’

उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि थांबलो. मला जे आकडे पाठ होते ते कुलाब्याच्या वेधशाळेचे. ही वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पावसाच्या सलग, भरवशाच्या नोंदी १८४०च्या दशकाच्या अखेरीपासून मिळतात. म्हणजे माझे ज्ञान पावणेदोनशे वर्षांचे. त्याआधी या खाडीकाठी शेकडो वर्षे भात पिकत होते, लोक जगत-मरत होते. त्यांच्या पावसाविषयी मला काय सांगता येणार होते?

तास संपल्यावर एक मुलगा आला. त्याच्या पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतले जुने कागद होते म्हणे. चार दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. चाळीतून इमारतीत राहायला येताना घरच्यांनी ट्रंक रिकामी केली होती आणि कागद रद्दीत गेले होते. एक लहानसे बाड तेवढे उरले होते. मोडी जाणणाऱ्या मित्राने ते वाचले. खंडाच्या भाताचा हिशेब होता, ‘पाऊस नाही सबब’ असे शब्दही होते. पण ज्या कोपऱ्यात सन लिहिलेला असणार, तो कोपरा वाळवीने खाल्ला होता. अवर्षणाची नोंद सापडली, पण ते अवर्षण कोणत्या वर्षीचे हे कळेना. विज्ञानाच्या दृष्टीने त्या कागदाची किंमत शून्य झाली.

हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. पर्जन्यमापक नसलेल्या काळातला पाऊस जुन्या लिखाणावरून कसा ओळखतात, आणि तो ओळखण्याची आज गरज काय, हे आपण पाहू.

शब्द एक, अर्थ तीन

पहिली अडचण भाषेचीच आहे. पाऊस न पडणे याला मराठीत ‘अवर्षण’ असा स्वच्छ शब्द आहे. ‘दुष्काळ’ म्हणजे मात्र वाईट काळ. अन्नाचा दुष्काळ, पाण्याचा दुष्काळ, चाऱ्याचा दुष्काळ, सगळे त्यात येते. इतकेच काय, अतिवृष्टीने पीक कुजले तर त्यालाही आपण ‘ओला दुष्काळ’ म्हणतो. तेव्हा जुन्या कागदात ‘दुष्काळ पडला’ असे वाचले की लगेच ‘त्या वर्षी पाऊस कमी झाला’ असे लिहून मोकळे होता येत नाही.

इ.स. १६३० ते १६३२ चा दख्खन आणि गुजरातमधील भीषण दुष्काळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. १६३० मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. वाटेवरची ओस गावे आणि रस्त्याकडेची प्रेते त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली आहेत. पुढच्या वर्षी, १६३१ मध्ये, पाऊस आला; पण तो इतका झाला की उभी पिके गेली. म्हणजे एकाच दुष्काळाचे पहिले वर्ष कोरडे आणि दुसरे ओले! मरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पावसाचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र दोन वर्षे दोन वेगळ्या रकान्यांत टाकायला हवीत.

याच काळात शहाजहान बादशहाचा तळ बुऱ्हाणपूरला होता आणि दख्खनवर मोहीम चालू होती. सैन्याच्या छावणीकडे धान्य ओढले जात होते. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ‘बादशहानाम्या’त दुष्काळाचे वर्णन करतो आणि दर सोमवारी गरिबांना पाच हजार रुपये वाटल्याचे सांगतो. धन्याचे औदार्य सांगणे हे त्याचे कामच होते. इकडे देहूला संत तुकारामांचे घर याच दुष्काळात उद्ध्वस्त झाले आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचा अन्नान्न करीत अंत झाला, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. इंग्रज व्यापाऱ्याचा नोकर, बादशहाचा लेखक आणि वारकरी परंपरा या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी तिघेही एकाच आपत्तीची साक्ष देतात. एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की न्यायालयात तिचे वजन वाढते. इतिहासातही हाच नियम आहे.

कोणते कागद कामाचे?

महाराष्ट्राइतकी कागदांची श्रीमंती फार थोड्या प्रदेशांना लाभली आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागद मिळवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा संग्रह आहे. हे कागद जपणाऱ्यांच्या मनात लढाया आणि राजकारण होते, हवामान नव्हते. पण सरकारी दप्तर हे मुळात महसुलाचे दप्तर असते आणि आपल्याकडचा महसूल पावसावर अवलंबून. म्हणून पाऊस त्यात चोरपावलांनी शिरलेला असतो.

तो कुठे शोधायचा? शेतसाऱ्यात सूट मागणारे पाटील-कुळकर्ण्यांचे अर्ज, पीकपाहणीचे कागद, बी-बियाणे व बैलांसाठी दिलेली तगाई, ओस पडलेल्या गावाला पुन्हा वसाहत करण्यासाठी दिलेला कौल, धान्याची ‘धारण’ म्हणजे बाजारभाव, ‘महर्गता’ म्हणजे महागाईच्या तक्रारी, आणि खासगी पत्रांच्या शेवटी सहज लिहिलेली ‘इकडे पर्जन्य बरा आहे’ ही ओळ. माझ्या मते ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची. ती लिहिणाऱ्याला कुणाकडून काही मिळवायचे नसते.

दिवा-कल्याण परिसराची आणखी एक गंमत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी ओलांडली की राज्य बदलत असे. खाडीच्या अलीकडे कल्याण प्रांतात मराठ्यांचा अंमल आणि पलीकडे साष्टी बेटावर पोर्तुगीजांचा. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. त्यामुळे एकाच ढगातून पडलेल्या पावसाची नोंद इथे मोडी मराठीत, पोर्तुगीजमध्ये आणि इंग्रजीत अशी तीन भाषांत असू शकते. ती शोधायला पुणे, पणजी आणि मुंबई अशा तीन गावांची अभिलेखागारे धुंडाळावी लागतात. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये काढलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेचा तेरावा खंड, ही मात्र चांगली सुरुवात आहे. तो बऱ्याच ग्रंथालयांत पाहायला मिळतो.

सन ओळखा

कागद सापडला की पहिला प्रश्न: वर्ष कोणते? इथे चूक झाली तर पुढचे सारे गणित फुकट.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकवतो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनातल्या, म्हणजे जानेवारीनंतरच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. मराठी दप्तरात याहून अधिक आढळतो तो सुहूर सन. त्याचे नवे वर्ष सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाला सुरू होते, म्हणून त्याला ‘मृगसाल’ही म्हणतात. शेतकऱ्याचे वर्ष पावसापासून सुरू व्हावे यासारखी सोयीची गोष्ट नाही. एक पावसाळा आणि त्यावर आलेले पीक एकाच सनात बसते.

हा सन अनेकदा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सलास मयातैन व अलफ’ म्हणजे तीन, दोनशे आणि हजार, अर्थात १२०३. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तेव्हा सलास मयातैन व अलफ हे वर्ष जून १८०२ ते जून १८०३ असे येते. घाईने सगळीकडे ६०० मिळवले तर १८०२ चा पावसाळा १८०३ मध्ये जाऊन पडतो, आणि अभ्यासकाला मग न झालेले अवर्षण दिसू लागते!

इंग्रजांच्या तारखांचेही असेच आहे. १७५२ पर्यंत इंग्रज जुने ज्युलियन पंचांग वापरत. पोर्तुगिजांनी नवे ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले होते. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. सुरतेच्या इंग्रजाने ‘१ जूनला पाऊस सुरू झाला’ असे लिहिले, तर आजच्या हिशेबाने ती ११ जून होते. ‘त्या काळी पाऊस लवकर येई’ असा निष्कर्ष अशा चुकीतून सहज निघू शकतो. आपल्या नक्षत्रांचाही दिवस स्थिर नाही. अयनचलनामुळे मृग नक्षत्र लागण्याची तारीख सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ते ७ किंवा ८ जूनला लागते. १८०२ मध्ये ते साधारण तीन दिवस आधी लागत असले पाहिजे. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. इतिहास, खगोलशास्त्र आणि अंकगणित एकाच उदाहरणात भेटतात.

शब्दांचे आकडे कसे होतात?

समजा, सन लागला. आता ‘पाऊस थोडा’, ‘पर्जन्य उत्तम’, ‘मुदलात पाऊस नाही’ या शब्दांचे आकडे करायचे. यासाठी रूढ पद्धत श्रेणींची आहे. फार ओले, ओले, साधारण, कोरडे, फार कोरडे अशा पाच पायऱ्या करून प्रत्येक वर्ष त्यांपैकी एकीवर बसवायचे.

चीनने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. तेथील जिल्ह्याजिल्ह्याच्या जुन्या स्थानिक इतिहासग्रंथांवरून १२० ठिकाणांची १४७० पासूनची प्रत्येक वर्षाची श्रेणी ठरवून १९८१ मध्ये त्यांनी नकाशांचा संग्रह प्रसिद्ध केला. स्पेनमधील अभ्यासकांनी वेगळीच युक्ती काढली. पाऊस ओढ धरू लागला की तेथील शहरे चर्चला प्रार्थनाविधी करायला सांगत. आधी साधी प्रार्थना, मग देवळातच मूर्ती मांडणे, मग मिरवणूक, आणि परिस्थिती हाताबाहेर गेली की दूरच्या तीर्थस्थानाची यात्रा. प्रत्येक विधीचा खर्च हिशेबात लिहिलेला असे. विधी जितका मोठा, तितके अवर्षण तीव्र! आपल्याकडेही महादेवाची पिंड पाण्यात कोंडणे, अनुष्ठान घालणे, मुलांनी घरोघर धोंडी मागणे अशा प्रथा होत्या. देवस्थानांच्या जमाखर्चात हा खर्च तारीखवार शोधता आला तर आपल्यालाही अशी पट्टी मिळू शकेल.

श्रेणी देताना तीन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात.

पहिली, लिहिणाऱ्याचा हेतू. साऱ्यात सूट मागणारे गाव पीक चार आणे आले असे सांगणार, वसुलीला आलेला कमाविसदार ते आठ आणे ठरवणार. खरे काय ते दोघांच्या मध्ये कुठेतरी असते.

दुसरी, लिहिणाऱ्याचे माप. माण-खटावकडे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर शेतकरी देवाला नारळ फोडतो. तेवढाच पाऊस दिव्याला झाला तर खाडीकाठचे भात करपून जाईल. खार जमिनीत तर पावसाचे पाणी मीठ धुऊन खाली ठेवते. श्रावणात दोन-तीन आठवडे उघडीप पडली की मीठ पुन्हा वर येते आणि रोप जळते. म्हणून कोकणातले अवर्षण हे बहुधा एकूण पावसाचे नसून पावसातल्या खंडाचे असते. त्या मुलीच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा. वार्षिक सरासरी कितीही मोठी असली तरी पीक सरासरीवर वाढत नाही.

तिसरी सावधगिरी मौनाची. माणूस नेहमीपेक्षा वेगळे घडले की लिहितो, नेहमीसारखे घडले की लिहीत नाही. ज्या वर्षी कुणीच काही लिहिले नाही ते वर्ष चांगले गेले असेल, किंवा त्या वर्षीचे कागद रद्दीत गेले असतील. या दोन शक्यता वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. त्या वर्षीचे इतर विषयांवरचे कागद भरपूर आहेत आणि पावसाची तक्रार कुठेच नाही, असे दिसले तरच मौनाला ‘साधारण’ ही श्रेणी द्यावी.

शेवटी पडताळा. ज्या वर्षांचे कागदही आहेत आणि पर्जन्यमापकाचे आकडेही आहेत, अशी वर्षे घ्यायची. आकडे झाकून ठेवून फक्त कागदांवरून श्रेणी द्यायच्या, तेही दोघांनी स्वतंत्रपणे. मग झाकण काढायचे. श्रेणी आणि मिलिमीटर यांचा मेळ बसला तर मागच्या शतकांसाठीही ती पद्धत वापरायला हरकत नाही. मेळ बसला नाही तर पद्धत सुधारायची. इतिहासाचे साधन विज्ञानाचे साधन होते ते या टप्प्यावर.

पश्चिम भारताची ऐंशी वर्षे

असे काम आपल्याच प्रदेशासाठी झाले आहे. जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश या ब्रिटिश भूगोल-अभ्यासकांनी मुंबई, पुणे आणि खंबायतच्या आखाताभोवतीचा गुजरात या तीन भागांतील १७८१ ते १८६० या काळाचा मोसमी पाऊस वृत्तपत्रे, खासगी रोजनिशा, पत्रे आणि सरकारी कागद यांवरून उभा केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना कमी पावसाचे चार काळ आढळले: १७८० ते १७८५, १७९९ ते १८०६, १८३० ते १८३८ आणि १८४५ ते १८५७. अधिक पावसाचे तीन: १७८८ ते १७९४, १८१३ ते १८२८ आणि १८३९ ते १८४४.

यातल्या दोन गोष्टी शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्याव्यात. १७९१-९२ चा ‘कवटीचा दुष्काळ’ दख्खनच्या दक्षिण भागात आणि हैदराबादकडे फार भयंकर होता, आणि तो प्रशांत महासागरातील मोठ्या एल निनोशी जोडला जातो. पण मुंबई-पुणे-खंबायत पट्ट्याच्या सरासरीत तोच काळ अधिक पावसाचा दिसतो. त्या काळातले एखादे वर्ष कोरडे असू शकते, हे खरे. तरीही एका प्रदेशाचा प्रसिद्ध दुष्काळ शेजारच्या प्रदेशाच्या माथी मारू नये, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. या अभ्यासातून पश्चिम भारतातील १८१७ ते १८४६ या वर्षांच्या प्रसिद्ध झालेल्या पर्जन्य-आकड्यांबद्दलच शंका निर्माण झाली. आपण समजतो की आकडा खरा आणि वर्णन मोघम. इथे वर्णनांनी आकड्याची चूक दाखवली! सुरुवातीच्या काळात पर्जन्यमापक कुठे ठेवावा, किती उंचीवर ठेवावा याचे नियम ठरलेले नव्हते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही १८४०च्या दशकात कुलाबा वेधशाळेत काम केले होते, हे या संदर्भात विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. मराठी वृत्तपत्र आणि मुंबईची वेधशाळा, म्हणजे शब्द आणि आकडा, यांची भेट एका माणसात झाली होती.

झाडे, गुहा आणि दुर्गादेवी

कागदांची साक्ष निसर्गाच्या साक्षीशी ताडून पाहता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळमधील सागाच्या वार्षिक वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. पाऊस कमी झाला की सागाचे वलय अरुंद राहते. कागदांवरून काढलेली पश्चिम भारताची मालिका केरळच्या सागाशी बरीच जुळते. आशियाभरच्या वृक्षवलयांवरून केलेल्या मोठ्या नकाशाशी मात्र ती तितकीशी जुळत नाही. म्हणजे अजून काम बाकी आहे.

याहून जुन्या काळासाठी गुहांतील चुनखडीचे स्तंभ उपयोगी पडतात. मोसमी पाऊस जोरात असला की पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते, आणि ते चुनखडीच्या थरांत नोंदले जाते. छत्तीसगडमधील बस्तरच्या दंडक गुहेतील अशा स्तंभावरून इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा मोसमी पाऊस अभ्यासला गेला आहे.

आता आपल्या ‘दुर्गादेवीच्या दुष्काळा’कडे वळू. १३९६ पासून बारा वर्षे पाऊस पडला नाही, दख्खन ओस पडले, अशी ही परंपरागत कथा. पुराणकथांतले दुष्काळही बारा वर्षांचेच असतात, म्हणून अभ्यासकाच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. सलग बारा वर्षे थेंबही न पडणे हे हवामानशास्त्रात बसत नाही. पण दंडक गुहेच्या नोंदीत चौदाव्या-पंधराव्या शतकांत दशकभर टिकणारे अशक्त मोसमी पावसाचे काळ दिसतात, आणि त्यांतला एक याच सुमारास येतो. म्हणजे बारा हा आकडा लोककथेचा असला तरी वर्षानुवर्षे पाऊस कमी पडत राहिल्याची आठवण खरी असली पाहिजे.

या गोष्टीचे महत्त्व आजच्यासाठी आहे. पर्जन्यमापकांच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत १८७७, १८९९, १९१८, १९७२ अशी अतितीव्र अवर्षणाची वर्षे आली. ही चारही एल निनोची वर्षे होती. पण ती एकेक किंवा दोन-दोन वर्षांची संकटे होती. धरणे किती मोठी बांधावीत, धान्याचा साठा किती ठेवावा, शहराला पाणी कुठून आणावे, याचा हिशेब आपण याच काळावरून करतो. कागद आणि गुहा सांगतात की दहा-दहा वर्षे रेंगाळणारा कमी पाऊसही या भूमीने पाहिला आहे. एकदा घडलेली गोष्ट पुन्हा घडू शकते.

पाऊस गेला, पण माणसे का मेली?

इथवर आपण पाऊस आणि दुष्काळ वेगळे केले. आता ते पुन्हा जवळ ठेवून पाहू.

१८०२ ते १८०४ चा पुण्याकडचा दुष्काळ बराच काळ फक्त फौजांच्या नावावर होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. होळकरांच्या सैन्याने आणि पेंढाऱ्यांनी उभी पिके लुटली, हे खरे आहे. पण नव्या अभ्यासात १७९९ ते १८०६ हा काळ कमी पावसाचाही दिसतो. आधीच ओढ धरलेल्या मुलखावर घोडदळ फिरले. अस्मानी आणि सुलतानी हे जोडनाव आपल्या लोकांनी उगाच ठेवलेले नाही.

१८७६-७८ चे उदाहरण तर दिव्याच्या रुळांवरून गेलेले आहे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली, आणि १८६०च्या दशकात बोरघाट व थळघाट चढून दख्खनमध्ये पोचली. म्हणजे दुष्काळ पडला तेव्हा धान्य वर नेण्याची सोय होती, आणि ते नेलेही गेले. पण सोलापूर-विजापूरकडच्या मजुराच्या हाती ते घेण्याइतके पैसे नव्हते. १८७७ च्या आरंभी सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून त्याला विरोध केला. पुणे सार्वजनिक सभेने, ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. हे वृत्तान्त आज संशोधनाचे उत्तम साधन आहेत. सरकारी अहवाल एक सांगतो आणि सभेचे वृत्त दुसरे, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात त्या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे मेली.

याच्या शेजारी १९७२ ठेवा. पाऊस तेव्हाही भयंकर हुकला. महाराष्ट्राने गावोगाव कामे काढली, त्यांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. हाल फार झाले, पण १८७७ सारखा मृत्यूचा कहर झाला नाही. पावसाचे दोन जवळपास सारखे अपयश आणि दोन वेगळे परिणाम. हा फरक ढगांत शोधून सापडणार नाही. म्हणून पावसाची मालिका आणि माणसांच्या हालांची मालिका वेगवेगळ्या तयार कराव्या लागतात. त्या एकत्र मिसळल्या तर प्रत्येक दुष्काळाचा दोष आभाळावर जातो आणि जमिनीवरचे सगळे निर्दोष सुटतात.

शाळेत काय करता येईल?

हे काम केवळ विद्यापीठांचे नाही. शाळांना सहज करता येतील अशा काही गोष्टी सुचवतो.

एक, विद्यार्थ्यांनी घरातील जुन्या चोपड्या, खंडाच्या पावत्या, पत्रे, पंचांगांच्या समासात केलेल्या नोंदी यांची यादी करावी. कागद घरीच राहू द्यावेत, छायाचित्र मात्र घ्यावे. छायाचित्रात सन असलेला भाग स्पष्ट आला पाहिजे. कागद दमट जागी, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी ठेवू नयेत.

दोन, १९७२ चा पावसाळा आठवणाऱ्या आजी-आजोबांच्या मुलाखती घ्याव्यात. ‘दुष्काळ होता का?’ असे विचारू नये. ‘लावणी कधी झाली, विहीर कधी आटली, तांदूळ कुठून आणला?’ असे विचारावे. मग त्या वर्षीचे पर्जन्यमापकाचे आकडे मिळवून उत्तरांशी ताडून पाहावेत. स्मृती कुठे बरोबर असते आणि कुठे चुकते, हे मुले स्वतः शिकतील.

तीन, आजपासून शाळेत पावसाची वही सुरू करावी. पर्जन्यमापक नसला तरी चालेल. रोज एक ओळ पुरे: पाऊस पडला की नाही, किती वेळ, मैदानात पाणी साचले का, टँकर आला का. तारीख पूर्ण लिहावी, वर्षासकट!

चार, शक्य असेल तिथे मोडीचा वर्ग चालवावा. लाखो मोडी कागद वाचकांची वाट पाहत आहेत. त्यांतला पाऊस वाचायला वेधशाळेची उपकरणे लागत नाहीत, लिपी यावी लागते.

त्या मुलीला मी पुढच्या भेटीत उत्तर दिले. दिव्यालाही पावसाने ओढ दिली आहे, भात जळले आहे, आणि घाटावरून उपाशी माणसे मुंबईकडे जाताना या वाटेने उतरली आहेत. नेमक्या कोणत्या वर्षी काय झाले, याची पूर्ण यादी अजून कुणीच केलेली नाही. तिने विचारले, ‘‘मग ती कोण करणार?’’ तिच्या शेजारी ट्रंकवाला मुलगा बसला होता. उरलेले बाड त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. पिशवीतून काढून ते कोरड्या फायलीत ठेवण्यापासून आम्ही सुरुवात केली.